पाटोद्याची बाजरी

“बीडला? आणि ते उन्हाळ्याच्या तोंडावर? कशाला गो?”

निघण्याआधी रत्नागिरीत जो भेटेल तो हेच विचारत होता. बाजरी आणायला, असं सांगितलं की माणसं हसायची. भात खाणाऱ्या मुलखातल्या दोन बायकांनी बाजरीसाठी सारा महाराष्ट्र ओलांडायचा, म्हणजे हसण्यासारखं होतंच.

आमचं एक छोटं ग्राहक मंडळ आहे. बंदरावरच्या मासळीवाल्या, रिक्षावाल्यांच्या बायका, शाळांत खिचडी शिजवणाऱ्या, अशा आम्ही एकत्र धान्य आणतो आणि वाटून घेतो. गेल्या काही वर्षांत आमच्या घराघरांत साखरेचा आजार शिरला. डॉक्टर सांगतात, भात कमी करा, ज्वारी-बाजरी खा. औषध न फवारलेली बाजरी शहरातल्या दुकानात मिळते, पण पुडीवरची किंमत वाचून आमच्या बायका ती पुडी हळूच परत ठेवतात. चांगलं अन्न एवढं महाग का, या प्रश्नाचा पिच्छा पुरवता पुरवता पाटोदा तालुक्यातल्या एका महिला सहकारी संस्थेचा पत्ता लागला. त्या बायका रासायनिक औषधांशिवाय बाजरी आणि तूर पिकवत होत्या आणि साध्या बाजारभावात विकत होत्या. चेअरमन गयाबाईंशी फोनवर बोलणं झालं. “या की, डोळ्यांनी बघा,” त्या म्हणाल्या. म्हणून मी आणि मालती निघालो. मालती मासळी विकते, माझ्याहून धीट आहे आणि आमच्या मंडळाचं निम्मं काम तीच करते.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

कपिलधार

बीडहून पाटोद्याकडं जाताना मांजरसुंब्याच्या अलीकडं कपिलधारला वळता येतं. धबधबा आहे असं ऐकून मालतीनं हट्ट धरला. देऊळ होतं, शांतता होती, कडाही होता. पाणी मात्र नव्हतं. जिथून ते पडतं तिथं खडकावर एक लांब काळा ओघळ उरला होता. फुलं विकणारी बाई म्हणाली, “पावसाळ्यात यायचं असतंय, ताई. औंदा तर पावसाळ्यात बी काय न्हवतं.”

मालती त्या ओघळाकडं बघत राहिली. समुद्राच्या काठी जन्मलेली बाई ती. कोरडा धबधबा तिला मेलेल्या जनावरासारखा वाटला असावा, कारण ती म्हणाली, “चल इथून. मला नाही बरं वाटत.”

पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं. टँकर एकामागून एक येत होते. घरांच्या दारात निळे प्लास्टिकचे पिंप, आणि कितीतरी पिंपांच्या झाकणांना कुलपं. पाण्याला कुलूप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. वाटत होतं, जिथं पाणी कुलपात आहे तिथून आपण अन्न न्यायला आलोय.

गयाबाईंचं घर

गयाबाई पन्नाशीच्या, उंच आणि रोखून बघणाऱ्या. नवरा अंकुशराव शेळ्या राखतात. ते दोन दिवस पाहुण्यांकडं गेले होते. पाय धुवायला गयाबाईंनी अर्धा तांब्या पाणी दिलं आणि ओशाळून म्हणाल्या, “एवढ्यातच भागवा, ताई.” आमच्याकडं पाहुणा आला की आधी बादली पुढं करतात. त्या अर्ध्या तांब्यात चार पाय धुताना मला आमच्या विहिरीची लाज वाटली.

संध्याकाळी हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. माडगं म्हणजे हुलग्याच्या, आमच्याकडच्या कुळथाच्या, पिठाची कढी. मालतीनं दोनदा घेतलं आणि विचारलं, “ह्यात सुका जवळा टाकला तर?” गयाबाई पोटभर हसल्या. या प्रवासातलं मनमोकळं हसणं तेवढंच.

सकाळी त्यांनी समाजमंदिरातली संस्थेची खोली उघडली. भिंतीला लागून पोत्यांच्या दोन थप्प्या.

“ही तुमची,” डावीकडं हात करत त्या म्हणाल्या. “दाना दाना निवडलाय. बाया ऊस तोडायला जायच्या आदी बसून निवडली, रत्नागिरीला जायचीय म्हणून.”

“आणि ती?”

“ती हितल्या लोकांची. पाटोद्याच्या बाजारात इकतो. नुसती चाळलेली हाय.”

“निवडली का नाही?”

“निवडायला हात कुठनं आणू? सगळ्या ऊसतोडीला गेल्यात. मजुरीनं निवडून घ्यावं तर भाव चढतो. मग हितल्या गरिबानं काय खायचं? चांगलं धान्य समद्यांना परवडलं पायजे म्हणून तर संस्था काढली.”

मी मान डोलावली. बोलणं बरोबर होतं. सहकार म्हटलं की या भागात माणसं कडा गावच्या साखर कारखान्याकडं बोट दाखवतात. बायकांच्या बाजरीलाही सहकार म्हणतात, हे लोकांना पटवायला गयाबाईंना वर्षं लागली होती.

“औंदा पीकच वंगाळ,” त्या म्हणाल्या. “खुरपायच्या दिवसांत आमी पान्याच्या लायनीत हुभ्या. बाजरीपक्षा तणच जास्त.”

दुपारी मालती म्हणाली, “ज्या बाजरीसाठी आलो ती खायला तरी घाला.” गयाबाईंनी घरच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. घरचं पीठ म्हणजे उजवीकडच्या, नुकत्याच फोडलेल्या, न निवडलेल्या पोत्यातलं. त्यांची त्या दिवशी चतुर्थी होती, त्यांनी खाल्लं नाही. मला बाजरीची सवय नाही, मी अर्धीच भाकरी खाल्ली. मालतीनं दोन खाल्ल्या, वर तूप घालून.

तासाभरानं मालती पाणी मागू लागली. एक पेला, दुसरा, तिसरा. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, अगं, पुरे. गयाबाई पिंपाचं कुलूप काढून मुकाट्यानं भरत होत्या.

“घसा नुसता चिकटतोय,” मालती म्हणाली. चेहरा लालबुंद झाला होता.

“ऊन लागलं आसंल,” गयाबाई म्हणाल्या. “कांदा हुंगा.”

मग मालती उठली आणि भिंतीवर आपटली. खाली बसून हवेतून काहीतरी वेचू लागली. बोटांच्या चिमटीत धरून मांडीवर ठेवायची, पुन्हा वेचायची. मी हात धरला तर माझ्याकडं बघून तिनं दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आईला हाक मारली. “आये, जाळं फाटलं. मासे सांडले बघ सगळे.”

ती बेशुद्ध नव्हती, डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. मरणापेक्षा हे जास्त भयंकर वाटलं मला. त्याच वेळी लक्षात आलं की माझीही जीभ टाळूला चिकटतेय आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे पसरून एकमेकांत मिसळलेत. मी ते गयाबाईंना सांगितलं नाही. बोलले तर ते खरं होईल अशी भीती वाटली.

शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, “बाहेरचं लागलंय. कपिलधारला गेलत्या न्हवं? उतरून टाका.”

“उतरवायचं मागनं,” गयाबाई म्हणाल्या. “आदी जीप बगा.”

दवाखाना

पाटोद्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत मालतीनं दोनदा जीपमधून उडी मारायचा प्रयत्न केला. गयाबाईंनी तिला मिठीत आवळून धरलं होतं. त्यांच्या दंडावर मालतीच्या नखांचे ओरखडे उठले होते.

तरुण डॉक्टरांनी मालतीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळं एवढी मोठी झाली होती की डोळे नुसते काळे दिसत होते. ते शेजारच्या खाटेकडं गेले, तिथल्या बाईच्याही डोळ्यांत बॅटरी मारली आणि परत आले.

“दुपारी काय खाल्लंत?”

“बाजरीची भाकरी,” मी म्हणाले.

“ह्यांनी पण, काल रात्री,” ते शेजारच्या खाटेकडं बघत म्हणाले.

त्या खाटेवर एक धनगराची सून होती. हात दोरीनं बांधलेले, तोंडानं अखंड पुटपुट. पायाशी तिची सासू पारूबाई बसली होती. त्यांनी सकाळभर तिला देवऋष्याकडं ठेवलं होतं, आणि आणेपर्यंत फार उशीर झाला होता.

“बाजरी कुठली, आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

पारूबाईंनी मान वर केली. “बायांच्या संस्थेची. बाजारातनं आणलेली. चांगली असती म्हनत्यात.”

मी गयाबाईंकडं पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात, ते त्या वेळी डोळ्यांनी दिसलं.

“धोतऱ्याचं बी पोटात गेलंय,” डॉक्टर म्हणाले. “दोघींच्याही. रानात धोतरा माजला असेल, मळणीत बी मिसळलं. ही बाई सुधारेल,” त्यांनी मालतीकडं बोट केलं. “तिचं आत्ता सांगता येत नाही. आणि हे बघा, हे पीठ आणखी किती घरांत गेलंय?”

गयाबाई एकदम बोलल्या, “लई घरांत, सायेब.”

माझ्या पोटातही थोडं गेलं होतं, म्हणून मलाही सलाईन लावलं. खाटेवर पडून मी वरच्या पंख्याकडं बघत होते. तो फिरतोय की थांबलाय ते समजत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बायका डोळ्यांपुढं येत होत्या. ज्यांना मी म्हटलं होतं, ह्यात विष नाही, डोळे मिटून खा.

अंकुशराव बातमी कळताच परत आले होते. दाराबाहेर ते आणि गयाबाई बोलत होते ते ऐकू येत होतं.

“गप गुमान घरोघर जाऊन पीठ परत घे. बोभाटा कावून करती? संस्था बुडंल.”

“घरोघर जायाला चार दिस लागत्याल. तवर लोक भाकरी खायाचे थांबत्यात व्हय?”

“नाव जाईल, गया.”

“उद्या कुनाचं लेकरू गेलं तर त्या नावाची काय भाजी करू?”

थोड्या वेळानं मशिदीच्या भोंग्यावरून आवाज आला. मागोमाग मारुतीच्या देवळावरूनही. महिला संस्थेची बाजरी कुणी खाऊ नये, पीठ असेल तर बाजूला ठेवावं, कुणाला भोवळ आली, घसा सुकला तर लगेच दवाखान्यात आणावं. दुसऱ्यांदा सांगणारा आवाज गयाबाईंचा होता. शेवटी त्या म्हणाल्या, “चूक आमची हाय. मी चेअरमन बोलते.”

पारूबाई ऐकत होत्या. सुनेच्या बांधलेल्या हातावर आपला हात ठेवून बसून राहिल्या.

घरोघर

सकाळी मालतीनं डोळे उघडले आणि माझं नाव घेतलं. आदल्या दिवसाचं तिला काहीही आठवत नव्हतं. मी सांगितलं नाही, नुसती रडले. धनगराच्या सुनेची पुटपुट थांबली होती, पण ती अजून कुणाला ओळखत नव्हती. आणखी एक म्हातारा आणि एक मुलगी दवाखान्यात आले होते. दोघं वेळेत आले म्हणून लवकर सावरले.

मालतीजवळ परिचारिका होती, म्हणून मी गयाबाई आणि अंकुशरावांबरोबर निघाले. जीपमध्ये रिकामी पोती घेऊन आम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरलो. काहींनी पीठ दारात आणून ओतलं आणि आत निघून गेले. एकानं आमच्या देखत ते उकिरड्यावर फेकलं. “इख इकता व्हय बे,” असं कुणीतरी अंकुशरावांना म्हणालं. त्यांनी मान खाली घातली.

एका वस्तीवर एक बाई डबा छातीशी धरून उभी राहिली. देईना.

“ह्यात धोतऱ्याचं बी आसंल बाई, दे,” गयाबाई म्हणाल्या.

“हे दिलं तर पोरांला काय घालू? दुसरं न्हाई घरात.”

“आगं, मरशील.”

“तसं बी मरायचंच हाय.”

तिनं डबा दिला नाही. आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा ती तशीच उभी होती. आजवर भीती वाटली होती ती खाण्याची. अन्न विषारी आहे हे माहीत असूनही ते खाण्याशिवाय इलाज नसेल, हे त्या दारात पहिल्यांदा समजलं. त्या बाईच्या पोरांची संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

जीप अजून चालू केली नव्हती. गयाबाई पुढच्या काचेतून बघत होत्या. मग माझ्याकडं न वळताच म्हणाल्या, “ताई, तुमची पोती निवडलेली हायेत. ती देऊ का लोकांला?”

मंडळातल्या बायकांनी मला बाजरी आणायला पाठवलं होतं. बघायला नव्हे. पण विचार करायला वेळ लागला नाही. मी म्हणाले, “आधी हिला द्या.”

वस्तीपासून थोडं वर चढल्यावर फोनला रेंज आली. मंडळातल्या बायकांना सगळं सांगितलं. आमच्या खिचडीवाल्या काकू म्हणाल्या, “तुम्ही दोघी जिवंत परत या. बाजरीचं नंतर बघू.”

रत्नागिरीची पोती बाहेर काढली, तरी गयाबाईंनी ती तशीच वाटू दिली नाहीत. गावात उरलेल्या बायका समाजमंदिराच्या ओट्यावर पांढरी कापडं पसरून बसल्या आणि निवडलेली बाजरी पुन्हा निवडली. पहिलं माप त्या डबेवाल्या बाईकडं गेलं. उजवीकडच्या, न निवडलेल्या पोत्यांतली एक मूठ त्यांनी मला दाखवली. हिरवट-करड्या गोल दाण्यांत चपटं, तपकिरी, मुडपलेल्या कानासारखं बारीक बी. एकदा दिसलं आणि मग तेच दिसू लागलं. त्या बाजरीत हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

आठवडी बाजार

बाजाराच्या दिवशी पाटोद्यात आमच्या पोत्यांभोवती रिकामं रिंगण होतं. शेजारचा मिरचीवाला आपलं दुकान जरा पलीकडं सरकवून बसला. माणसं लांब उभी राहून बघत होती. गयाबाई ओरडून सांगत होत्या की ही दुसरी बाजरी आहे, दोनदा निवडलेली, परत आणलेल्या पिठाच्या बदल्यात फुकट. कुणी पुढं आलं नाही.

तेव्हा त्यांनी चूल मांडली. त्याच पोत्यातलं, सकाळी दळून आणलेलं पीठ परातीत घेतलं आणि भाकरी थापली. तव्यावरून उतरवून, वाफ निघत असतानाच अर्धी मोडून खाल्ली. गर्दीतून आवाज आला, “तुमी खाताल वो, तुमची बाजरी हाय. त्या पाहुनीला खाऊ द्या की. तिनं बघितलंय ना.”

सगळे माझ्याकडं वळले.

गयाबाई म्हणाल्या, “न्हाई, ताई. तुमी नका.”

मला खरंच खायचं नव्हतं. मालतीची हवेत वेचणारी बोटं डोळ्यांपुढं होती. बाजरी दोनदा निवडताना मी स्वतः पाहिली होती, तरी शरीर ऐकत नव्हतं. उरलेली अर्धी भाकरी मी घेतली. चावता येईना, म्हणून पाण्याबरोबर गिळली. मग एका रिकाम्या पोत्यावर बसले. काय होतं ते बघायला सारा बाजार थांबला होता, आणि मीही.

दुपार सरेना. घसा कोरडा वाटला की मी मनाशी विचारी, हे ऊन की ते? दर थोड्या वेळानं मिरचीच्या ढिगावर लावलेल्या भावाच्या पाटीकडं बघायची. अक्षरं स्पष्ट असली की जीव भांड्यात पडायचा. एक-दोन माणसं जवळ येऊन माझ्या डोळ्यांत डोकावून गेली. कुणी काही घेतलं नाही.

उन्हं उतरू लागली तेव्हा पारूबाई आल्या. त्यांना बघून गयाबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई थुंकणार किंवा रडणार. सुनेनं आदल्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याला ओळखलं होतं, तेवढीच बातमी होती.

पारूबाईंनी पोत्यात हात घातला. एक मूठ घेऊन डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितली. मग पदर पसरला.

“घाल.”

“आजी,” गयाबाई म्हणाल्या, “तुमी…”

“मंग काय करू? महागाचं मला परवडत न्हाई, अन् औषिद मारलेलं खाऊन माझा म्हातारा गेला. तूच नीट निवडून देत जा, बाई. लई बारीक नजरंनं.”

गयाबाईंनी पदरात बाजरी ओतली. लांब उभी असलेली एक बाई पुढं सरकली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत एक पोतं रिकामं झालं. बाकीची तशीच राहिली.

घरी

उरलेली पोती पिठाच्या बदल्यात द्यायला तिथंच ठेवून आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. धनगराची सून बरी झाली, असं गयाबाईंनी नंतर फोनवर सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खुरपणीच्या दिवसांत बाया पाण्याच्या रांगेतून सोडवल्या. रांगेत पुरुषांना उभं केलं. ऊसतोडीला जाण्याआधी सगळ्यांचीच बाजरी निवडायची, रत्नागिरीची आणि पाटोद्याची वेगळी नाही, असा ठराव झाला. आम्ही मंडळातल्या बायकांनीही ठरवलं की इथं आलेलं धान्य वाटण्याआधी आपण सगळ्या बसून पुन्हा निवडायचं. निवडण्याची मजुरी कुणाच्याच भावात चढवायची नाही, ते काम आपल्याच हातांनी करायचं. अशी बाजरी आता आमच्या वस्तीत येते, आणि ती बंदरावरच्या बाईलाही परवडते.

पण नवीन पोतं आलं की पहिली भाकरी मी एकटी खाते. मग मंडळाच्या खोलीत खिडकीपाशी बसते. बायका पिशव्या घेऊन बाहेर थांबतात. मालती माझ्यासमोर बसून माझा चेहरा बघत राहते.

“झाले की तीन तास,” ती म्हणते. “वाटू का?”

“अजून थोडं थांब,” मी म्हणते.